पूलमधला मुडदा आणि पोतंभर मीठ

आधी हातातला चहा खाली ठेवा. नाही, ठेवाच! मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या सौंदडच्या एका मित्राच्या नाकातून चहा आला. समोर त्याची बायको बसली होती, नवी साडी नेसून. ती अजून माझ्याशी बोलत नाही. तर कप खाली ठेवा आणि ऐका. भर उन्हाळ्यात, भर दुपारी, कोहमाऱ्याच्या स्विमिंग पूलमध्ये मी कसा मेलो ते सांगतो.

हो, मेलो! आणि मेल्यावर माझे जे हाल झाले ते जिवंत माणसाचे कधी होऊ नयेत.

मुळापासून सांगतो. कोहमाऱ्याला हायवेच्या कडेला एका शेठजींचं फार्महाऊस आहे. समोर धाबा, मागे आंब्याची झाडं, मधात पूल. उन्हाळ्याच्या सुट्टीत गोंदियाहून पोरं गाड्या भरभरून येतात. या पोरांना पाण्यात खेळवायचं काम माझ्या मोठ्या भावाचं, मनोजदादाचं. आठवडाभर शेती करायची आणि रविवारी निळी टोपी घालून, गळ्यात शिट्टी अडकवून पूलमध्ये उतरायचं. पोरं त्याला 'गेमवाले सर' म्हणायची. एकदा दादा पाण्यात उतरला की पोरांना बाहेर काढायला आईबापांना आइस्क्रीमचं आमिष दाखवावं लागायचं.

दादा या हिवाळ्यात गेला. ताप आला, दवाखाना झाला, आणि गेला. याच्यापुढे मला सांगता येत नाही. घ्या, एक घोट चहा घ्या. आणि परत खाली ठेवा!

तर उन्हाळा लागला आणि शेठजींचा फोन आला. म्हणाले, "मनोज की जगह एक लड़का देखा है, देवरी का. कोर्स किया है उसने. मनोज की टोपी और सीटी भेज देना."

दादाची टोपी? देवरीच्या पोराच्या डोक्यावर?

"मी करतो ना, शेठजी!" मी ओरडलो.

माझी जीभ अशीच आहे. डोक्याला विचारत नाही, परस्पर निघून जाते.

"तुमको आता है?"

"सगळं येते!"

काय येत होतं मला? डोंबल! नवेगाव बांधच्या तलावात पोहलो होतो. गावच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, म्हशीची शेपटी धरून या काठावरून त्या काठावर गेलो होतो. पूलमध्ये मात्र कधी अंगठासुद्धा बुडवला नव्हता. आणि पोरांचे खेळ? एकाचंही नाव माहीत नव्हतं. शेठजी म्हणाले, "ठीक है, एक संडे करके दिखाओ." मी फोन ठेवला आणि मग घाम फुटला.

आता शिकवणार कोण? तर घरातच गुरू निघाला. दादाची मुलगी पिहू. सहा वर्षांची. ती दर रविवारी बापाच्या गाडीवर बसून पूलला जायची, त्यामुळे सगळे खेळ तिला तोंडपाठ. पण दादा गेल्यापासून तिने पूलचं नाव काढलं नव्हतं. मी सहज म्हणालो, "पिहू, तुझा बाप पोरांना काय खेळवत होता गं?" तर पोरगी ताडकन खाटेवर चढून उभी राहिली!

"हा पूलचा काठ होय. तू खाली उभा राहा. तू पाण्यात आहेस."

उभा राहिलो. आंगणात, कोंबड्यांच्या मधात.

"पहिले मगर-मगर. मग वाटी-वाटी. मग बैल-बैल. आणि आखरीले मुडदा."

"मुडदा? तो कसा खेळतेत?"

"तुले काही नाही करायचं काका. तुले फक्त मरायचं आहे."

"एवढंच?"

"आणि मधात हसायचं नाही. बाबा हसत नव्हता."

खेळ असा. दादा पाण्यात उताणा पडायचा, डोळे मिटून, तोंड उघडं टाकून. पोरं त्याला ओढत काठाला आणायची आणि जिवंत करायला बघायची. कोणी कान ओढी, कोणी बगलेत गुदगुल्या करी, कोणी नाकावर पाणी शिंपडी. दादा ढिम्म! मग शेवटी पिहू यायची. तिला एकटीला ठिकाण माहीत होतं. डाव्या पायाचा तळवा. तिथे तिने बोट लावलं की दादा गर्जना करून उठायचा आणि सगळ्या पोरांना पाण्यात फेकायचा.

"पड," पिहू म्हणाली.

मी आंगणात पडलो. डोळे मिटले, तोंड उघडलं. पिहू माझ्या पायाकडे निघाली, तेवढ्यात सुपातून तांदूळ सांडल्याचा आवाज झाला आणि वहिनी ओरडली, "उठा भाऊजी! आंगणात असे पडू नका!"

मी ताडकन उठलो. पिहू रडकुंडीला आली. "आई! मी अजून उठवलंच नव्हतं त्याले!"

वहिनी तांदूळ वेचत बसली. मीही वेचायला बसलो. मग खाली मान घालून तिनेच सांगितलं. ज्या दिवशी दादाला आंगणात ठेवलं होतं, त्या दिवशी पिहू बायांच्या मधून सरकत सरकत गेली होती आणि दादाच्या डाव्या तळव्याला गुदगुल्या करत बसली होती. खूप वेळ. तिला उचलायची कोणाची हिंमत झाली नव्हती. मी तेव्हा लाकडं आणायला गेलो होतो. मला हे माहीतच नव्हतं.

"तिच्या हातानं कोणीतरी उठावं, भाऊजी," वहिनी म्हणाली. "एकदा तरी."

"वहिनी, माझ्या छातीवरून ट्रक गेला तरी पिहूच्या हाताशिवाय मी उठत नाही!"

ट्रकचं कोणी विचारलं होतं का? नाही. पण जीभ! निघून गेली.

रविवार उजाडला. पिहूला गाडीवर पुढे बसवलं, टोपी घातली, शिट्टी अडकवली आणि कोहमाऱ्याला पोहोचलो. गोंदियाच्या एका ट्यूशनची पोरं आली होती, सोबत त्यांची मॅडम. पोरांचा पुढारी वेदांत नावाचा, डोळ्याला चष्मा लावून पोहणारा गोलमटोल पोरगा.

मगर-मगर बरं गेलं. मी मगर झालो, पोरं पळाली. मग वाटी-वाटी. स्टीलच्या वाट्या पाण्यात टाकायच्या आणि पोरांनी शोधून काढायच्या. मी वाट्या टाकल्या, शिट्टी फुंकली आणि ओरडलो, "चला! पायानं चाचपडा! चिखलात खोल पाय घाला!"

पोरं माझ्याकडे बघतच राहिली.

वेदांत म्हणाला, "सर, वो रही ना कटोरी. दिख तो रही है."

आता तुम्हीच सांगा, मी जन्मात ज्या ज्या पाण्यात आंघोळ केली त्या पाण्याचा तळ कधी पाहिला होता का? आमच्या बोडीत स्वतःचे गुडघे दिसत नाहीत! इथे सगळ्या वाट्या ताटात मांडल्यासारख्या. मी म्हणालो, "मग डोळे मिटून शोधा." पोरांना वाटलं, हाच नियम. धडाधड एकमेकांवर आपटली आणि खूश झाली.

बैल-बैलमध्ये तर मी राजा! पूल गोल. पोरांनी हात धरून एकाच दिशेने गोल गोल धावायचं, मग पाणीच फिरायला लागतं आणि पाय सोडले की वाहत जाता येतं. हे मला शिकवायची गरज नव्हती. धान चुरताना खळ्यात बैल असेच फिरवतात. कमजोर बैल मधात खांबाजवळ, तगडा बैल बाहेरून. मी मधात खांब झालो, बारकी पोरं माझ्याजवळ, वेदांत सगळ्यात बाहेर. "हिर्र! चल रे ढवळ्या!" पाणी असं फिरलं की काठावरच्या चपला पाण्यात आल्या आणि पोरांच्या मागे फिरायला लागल्या. लांबून शेठजींनी अंगठा दाखवला. मी मनात म्हटलं, देवरीच्या पोरा, घरी बस!

मॅडमलाही माझा भरवसा वाटला असावा. त्या म्हणाल्या, "सर, मैं ज़रा भजिये बोलके आती हूं." आणि समोर धाब्यावर गेल्या.

आता मुडदा.

पिहू इतका वेळ काठावर फ्रॉक सावरून उभी होती. तिने पोरांना नियम सांगितला. "पहिले तुम्ही करून पाहा. मग मी." आणि ती काठावर बसली आणि तिने पाय पाण्यात सोडले. मी ते पाहिलं. मी टोपी आणि शिट्टी काढून ठेवली, उताणा झालो, डोळे मिटले आणि मेलो.

उताणं तरंगलं की कान पाण्यात जातात. आत नुसतं बुडबुड. बाहेरचं काही ऐकू येत नाही. त्यामुळे पुढचा भाग मला नंतर पोरांनी सांगितला.

पोरं मला ओढत होती. पोरांची नखं! कोणाचे आईबाप नखं कापत नाहीत का? मांडीपासून पाठीपर्यंत ओरखडे! वेदांत शिट्टी वाजवत होता आणि बाकीची पोरं नाचत ओरडत होती, "सर मर गए! सर मर गए!" आणि नेमक्या त्याच वेळी मॅडम भज्यांची प्लेट घेऊन आल्या.

प्लेट गेली पाण्यात. मॅडमनी अशी किंकाळी फोडली की हायवेवर एका ट्रकने ब्रेक मारला.

वेदांत म्हणाला, "मॅडम, टेन्शन मत लो. अभी मरे हुए हैं. बाद में उठेंगे."

"हाय राम!" मॅडम म्हणाल्या. "बच्चों को सदमा लग गया!"

"मॅडम, सच में! उनको अभी मरा रहने दो!"

मॅडमनी सगळ्या पोरांना ओढून कपडे बदलायच्या खोलीत कोंबलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. पोरं आत, त्यात पिहूही आत.

इकडे मला कोणीतरी बगलेत धरून बाहेर खेचलं. मी म्हटलं, वा! वेदांतमध्ये काय ताकद आहे! मग फरशीवर पाठ टेकली, कानातलं पाणी निघालं आणि आवाज आला, "धुगधुगी पाहा बे! धुगधुगी पाहा!"

हा वेदांत नव्हता. हे धाब्यावरचे बाबूरावमामा होते.

मी समजलो. आता उठायचं की नाही? तुम्ही म्हणाल, मूर्खा, उठ ना! मीही उठणारच होतो. तेवढ्यात खोलीच्या दारातून पिहूचा आवाज आला. "सोडा मले! मीच उठवतो त्याले! माझ्याच हातानं उठते तो!"

मॅडम रडत म्हणाल्या, "बेचारी!"

आता उठलो असतो तर? बाबूरावमामाने उठवलं असतं. पिहूच्या हाताने दादा उठला नाही आणि काकाही उठला नाही, असं झालं असतं. मी डोळे घट्ट मिटले. म्हटलं, कोणीतरी तिला सोडेलच. किती वेळ लागणार?

पहिल्यांदा एकाने पोटावर गुडघा दिला. पोटातून पाणी निघालं, आणि पाण्यामागे सकाळचे पोहे. "निघून राहिलं! निघून राहिलं!" सगळे ओरडले.

मग एक ट्रकवाला म्हणाला, "हटा, मी तोंडानं हवा देतो." तो जवळ आला. त्याच्या तोंडात खर्रा होता. तंबाखू, सुपारी, चुना, सगळं घोटून तयार! तो वास नाकाजवळ आला आणि मी मनात सगळ्या देवांना हाक मारली. त्या जागी खरा मुडदाही उठून पळाला असता. मी पडून राहिलो. एका देवाने ऐकलं. शेठजी धावत आले आणि त्यांनी ट्रकवाल्याला ढकललं.

"इसको बाहर लो! पूल के बाहर! रोड के उस पार रखो!" शेठजी ओरडले.

"शेठजी, तो मरून राहिला!"

"मरने दो, लेकिन उधर मरे! कल भी बुकिंग है मेरी!"

"१०८ च्या ॲम्ब्युलन्सले फोन लावला का?"

"लावला. येऊन राहिली."

"तोपर्यंत मी सांगतो तसं करा," बाबूरावमामा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मोठ्या डॉक्टरसारखा झाला. "बुडालेल्या माणसाले मिठात ठेवाव लागते. मीठ सगळं पाणी ओढून घेते आन् माणूस उठून बसते. मोबाईलमध्ये पाहिलं मी. पोऱ्या, धाब्यातलं खड्याच्या मिठाचं पोतं आण!"

मीठ?

आता आठवा माझ्या पाठीवरचे ओरखडे.

पोतं आलं. रोडपर्यंत न्यायचं राहिलं, पूललगतच्या आंब्याखालीच मला ठेवलं आणि ओतायला सुरुवात केली. मित्रहो, कैरीच्या फोडींना काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. मांडी पेटली. पाठ पेटली. मी दात इतके आवळले की दाढ हलली. पायापासून गळ्यापर्यंत मीठ, वरून उन्हाची झळ. आणखी थोडा वेळ ठेवलं असतं तर बरणीत भरता आलो असतो.

वर लोक बोलत होते. "कोण होय हा?"

"सौंदडचा. मनोजचा लहान भाऊ."

मग एक जण हळूच म्हणाला, "मनोज किती चांगला होता गा. आता हाही?"

इतक्या दिवसांत माझ्यासमोर दादाचं नाव कोणी असं मोकळं घेतलं नव्हतं. सगळे मला पाहिलं की शेतीचं बोलायचे, पाण्याचं बोलायचे. मी मुडदा होतो म्हणून बोलले. माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं.

"पाहा!" बाबूरावमामा ओरडले. "मिठानं पाणी ओढलं! डोळ्यातून निघून राहिलं! आणखी टाका!"

आणखी टाकलं.

आणि मग कोणीतरी म्हणालं, "याच्या घरी सांगाव लागन. वहिनीले फोन लावा."

माझं काळीज थांबलं. इतका वेळ मेलो होतो ते खोटं, आता खरंच मरायची वेळ आली! वहिनीला पुन्हा असा फोन? नाही. पिहू रडली तरी चालेल, पण हे नाही. मी उठायला गेलो, तर उठता येईना! पोतंभर मीठ अंगावर, हात आत दाबलेले. ओरडायला तोंड उघडलं, तर तोंडात मीठ. तोवर बाबूरावमामांनी फोन लावला होता, स्पीकरवर.

"बाई, मन घट्ट करा. तुमचे भाऊजी... पाण्यात..."

मी मिठातूनच कान टवकारले.

मग वहिनी म्हणाली, "उताणे होते का?"

"अं? होय बाई."

"तोंड उघडं होतं?"

"होय."

"आणि पिहू कुठं आहे?"

"तिले दूर ठेवलं बाई. लहान जीव."

"तिले सोडा त्यायच्याजवळ," वहिनी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण खणखणीत. "ते मेले नाही. ते जिद्दी आहेत. पोरगी हात लावत नाही तोपर्यंत उठत नाहीत. पाण्यातून काढून कुठं ठेवलं त्यायले?"

"मिठात, बाई."

"मिठात? बरं केलं. राहू द्या थोडं!"

ऐकलंत? वहिनी माझी!

दार उघडलं. पिहूच्या पावलांचा आवाज आला. मागे सगळी पोरं. बाबूरावमामा, ट्रकवाला, शेठजी, सगळे गोल करून उभे. मी पुन्हा डोळे मिटले. पायाजवळ मीठ उकरल्याचा आवाज झाला. आता! आता गुदगुली होणार, आता मी गर्जना करून उठणार!

मी वाट पाहतोय.

काही नाही.

आणखी वाट पाहतोय. वेदांत खालच्या आवाजात म्हणाला, "और ज़ोर से कर." मी म्हटलं, कर ना बाई, लवकर कर, मांडी जळून राहिली!

काही नाही. मला वाटलं, पोरगी घाबरली. हात लावत नाही. बापाची आठवण आली असेल. घे बेटा, हळूहळू घे. मी थांबतो. तुझ्यासाठी मी संध्याकाळपर्यंत मिठात राहतो.

आणि मग अगदी बारीक आवाज आला. "काका बी उठत नाही."

तो आवाज मी कधी विसरणार नाही. मी असा उठलो, असा उठलो की मीठ आंब्याच्या फांदीपर्यंत उडालं. तोंडातून गर्जना की बोंब, मलाही कळलं नाही. लोक जे पळाले! ट्रकवाल्याने खर्रा गिळला. शेठजी मागे सरकता सरकता सरळ पूलमध्ये! मॅडमनी दुसरी किंकाळी फोडली. आणि पिहू? पिहू माझ्या पायाशी बसली होती. दोन्ही हात मिठाने पांढरे, बोटं लाल. माझा डावा तळवा तिने मघापासून खरवडून खरवडून मळून काढला होता.

आणि मला पत्ताच नाही!

बारा महिने अनवाणी बांधीत, धानाच्या शेतात, चालणारे तळवे ते. काटा मोडला तर काट्यालाच दुखतं. दादा शेतातही बूट घालून फिरणारा माणूस, त्याचे तळवे मऊ. माझे तळवे म्हणजे म्हशीचं कातडं! त्यावर एका पोरीच्या बोटाचं काय चालणार?

"तू इतका उशीर काऊन लावला?" पिहू म्हणाली. तिच्या डोळ्यात पाणी होतं.

जीभ माझी, नेहमी पुढे पळणारी, त्या वेळी कुठे गेली कोण जाणे. "मीठ जड होतं बेटा," मी म्हणालो. "पण तूच उठवलं. कोणालेच जमलं नाही. विचार बाबूरावमामाले."

मग तिने पुन्हा बोट लावून पाहिलं, तळव्याला. मी "अगागा!" करून उडी मारली. खोटी उडी होती, पण चांगली मारली. ती हसली. अशी हसली की हिचकी लागली. मग काय! तिला उचललं, वेदांतला उचललं, सगळ्या पोरांना धरून धरून पाण्यात फेकलं, आणि शेवटी मिठासकट मी पडलो. शेठजी कमरेइतक्या पाण्यात उभे होते. म्हणाले, "अरे, मेरे पूल का समुंदर बना दिया तुम लोगों ने!"

तेवढ्यात १०८ आली. डॉक्टर मॅडमनी मला तपासलं. सगळं ठीक. मग त्यांनी बाबूरावमामांना झाडलं. "काका, बुडालेला माणूस मिठानं उठत नाही. वेळ जातो आणि माणूस हातचा जातो. असं कधी करू नका."

बाबूरावमामांनी कमरेवर हात ठेवले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "मग हा कसा उठला?"

डॉक्टर मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. आता मी काय सांगू? म्हटलं, "मॅडम, मी मेलोच नव्हतो." तर बाबूरावमामा म्हणाले, "पाहा, डोक्यावर असर झाला." आजही धाब्यावर गेलो की मामा गिऱ्हाइकांना मला दाखवतात, "हा पाहा, मिठानं वाचवला!" मी घसा फोडून सांगतो, बाबांनो, हे खोटं आहे, कोणी बुडालं तर आधी दवाखाना! लोक मान हलवतात आणि मला फुकट चहा देतात.

घरी गेलो. वहिनीने दारातच थांबवलं, बालदी दिली आणि म्हणाली, "आधी मीठ धुवा. भाजीत कमी पडलं तर तुम्हालेच बोलावतो." आणि ती आत गेली. पिहू तिला चुलीजवळ बसून सगळं सांगत होती, हात हलवून हलवून, आणि आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. मी अंगावर पाणी ओतत राहिलो. बालदी संपली तरी ओतत राहिलो.

काम राहिलं का म्हणता? राहिलं! वेदांतने साऱ्या गोंदियात गाजावाजा केला. पोरांना आता मगर नको, वाटी नको, बैल नको. बुकिंगच्या फोनवर लोक विचारतात, "वो मरने वाले सर आएंगे ना?" पण पिहूने अट घातली आहे. खोटी उडी तिला त्याच दिवशी कळली होती. म्हणाली, "खरी गुदगुली झाली पाहिजे." म्हणून ती रोज माझे तळवे वजरीने घासते, वहिनीच्या डब्यातली क्रीम लावते आणि अनवाणी चालायला बंदी. चप्पल चिखलात अडकते, म्हणून घरून मोजे मिळाले. गुलाबी. वहिनीचे.

परवा ते मोजे घालून उन्हाळी धान कापायला गेलो. बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला, सगळा गाव कंबर धरून हसत उभा. एक म्हातारा म्हणाला, "काय बे रोशन, पायाले मेंदी लावली का?"

"नाही गा आजोबा," मी विळा चालवत म्हणालो, "तळवे मऊ करून राहिलो. रविवारी मरायचं आहे."